नवी तबकडी

ज्ञानेश : सारखं हलू नका हो मयुरेशभाऊ, घड्याळावर सावली पडतीये. आधी त्या गॅलरीतून इकडं या अन् एका जागी बसा बघू.

मयुरेश : बसतो. बाबा येतायत का तेवढं बघत होतो. आईबरोबर भद्रकालीच्या बाजारात गेलेत झेंडू आणायला. ते यायच्या आत किंमत कळली पाहिजे.

ज्ञानेश : चोरीचं नाय ना हे?

मयुरेश : काहीतरीच काय! बाबांचंच आहे. वेणीमाधव म्हणतात त्यांना, रामकुंडावर कोणालाही विचारा. आमचं सगळं घराणं तिथे काठावर बसून यात्रेकरूंचे विधी सांगणारं, आणि हे एकटे पाण्यात उड्या मारणारे. आधी नेव्हीत पाणबुडे होते, मग मुंबई हायच्या समुद्रातल्या तेलविहिरींवर. समुद्राच्या तळाशी पाइप जोडायचं काम. हे घड्याळ त्या कंपनीने दिलेलं.

ज्ञानेश : ते दिसलंच मला. मागं कंपनीचं नाव हाय, नंबर हाय. जुनी घड्याळं घ्यायचा-विकायचा नाद हाय ना मला, तुम्ही धाडलेला मागच्या बाजूचा फोटो बघूनच येवल्याहून पहिल्या गाडीनं आलो. दुकान बायकोवर टाकून आलोय. दसऱ्याच्या तोंडावर पैठणीचं दुकान सोडायचं म्हणजे काय, ते तिला विचारा.

मयुरेश : मग? चांगलं आहे ना? पाण्याखालच्या घड्याळांना परदेशात वेड्यासारखी मागणी आहे म्हणे. मी नेटवर वाचलं.

ज्ञानेश : हाय ना. पण... विकायची एवढी घाई का, ते सांगा.

मयुरेश : कान. बाबांचे कान गेलेत. सगळी हयात पाण्याच्या दाबाखाली काढली, दुसरं काय होणार? माझी मुलगी त्यांच्याशी बोलायला जाते, दोन मिनिटांत कंटाळून परत येते. म्हणते, आजोबा नुसतं हसतात. डॉक्टर म्हणतात मशीनने फरक पडेल. आणि ह्यांचं एकच, 'माझ्या कानांना तुझा पैसा नको.' आता घड्याळ त्यांचं. ते विकून आलेला पैसा त्यांचाच झाला की नाही? मग काय बोलतील?

ज्ञानेश : डोकं चांगलं चालवलं. पण त्यांना विचारलंय?

मयुरेश : आधी आकडा हातात येऊ दे, मग विचारतो. नुसतं विचारलं तर सरळ नाही म्हणतील. उद्या खंडेनवमी. पाण्यातली हत्यारं पाटावर मांडून पूजा करतात ते. सुरा, चष्मा, पट्टा आणि हे घड्याळ. एकदा हळदकुंकू लागलं की संपलं. सांगा ना, काय मिळेल?

ज्ञानेश : खरं सांगू? राग येईल तुम्हाला.

मयुरेश : आता माझ्या जिवाशी खेळू नका हो!

ज्ञानेश : ह्याची वाट लावलीये कोणीतरी. तबकडी बघा. ही कंपनीची नाय, इथं कुठंतरी रंगवून घेतलीये. अक्षरं जाड झालीत. काटे दुसऱ्याच घड्याळाचे. अन् ही बाहेरची स्टीलची केस पॉलिशवर धरून अशी घासलीये की सगळ्या कडा मेल्या. आमच्याकडं लोक आजीची पैठणी आणतात, धुऊन, वर नवा रंग मारून. म्हणतात, बघा कशी लखलखीत केली! कपाळावर हात मारायचा फक्त.

मयुरेश : म्हणजे... चकचकीत आहे म्हणून किंमत कमी?

ज्ञानेश : कमी? अहो, गेलीच! जुनं होतं तसं असतं, ओरखड्यांसकट, पिवळ्या पडलेल्या ठिपक्यांसकट, तर तुमच्या बाबांचे कान सोडा, अख्ख्या गल्लीचे कान झाले असते. आता मागच्या नंबरचे जे येतील ते. कुठल्या शहाण्यानं केलं हे?

मयुरेश : मी.

ज्ञानेश : आँ?

मयुरेश : मी केलं. बाबांच्या साठीशांतीला. माझा पहिला पगार झाला होता. काचेवर ओरखडे, तबकडी काळवंडलेली... म्हटलं बाबांना सरप्राइज देऊ. मेन रोडवर एका दुकानात दिलं. सांगितलं, अगदी नवंकोरं करून द्या. सगळा पगार गेला त्यात. काय खूश झालो होतो मी, ज्ञानेशभाऊ!

ज्ञानेश : अन् बाबा?

मयुरेश : तेही. सगळ्या पाहुण्यांना दाखवत फिरले... थांबा, जिना वाजला. आले वाटतं! लवकर कसे आले? हे बघा, तुम्ही घड्याळजी आहात. तेल घालायला आलात. बाकी एक अक्षर नाही. मी आत जातो, माझं तोंड बघून त्यांना लगेच कळतं.

(वेणीमाधव झेंडूची पिशवी घेऊन येतात. आतल्या दाराकडे पाठ करून बसतात.)

वेणीमाधव : कोण आपण? बसा, बसा. आमची ही अजून घासाघीस करतेय फुलवालीशी, मी आलो पुढे. घड्याळ बिघडलंय का?

ज्ञानेश : नाय, तेल घालायला आलोय!

वेणीमाधव : मोठ्याने बोला, कान गेलेत माझे. मयुरेश कुठे आहे? ऑफिसला गेला वाटतं.

ज्ञानेश : तेल! तेल घालतोय! काका, ह्याची जुनी तबकडी कुठं हाय? जुनी!

वेणीमाधव : जुनी ना? अहो, काय तबकडी होती! खाली दिवस-रात्र सारखंच, डोळ्यांत बोट घातलं तरी दिसायचं नाही. त्यात हे बारा ठिपके तेवढे हिरवे दिसायचे. ते दिसले की बरं वाटायचं, की आपला हात अजून जागेवर आहे.

ज्ञानेश : (त्यांच्या कानाशी वाकून) अन् आता? चमकतात?

वेणीमाधव : छे! आता नुसते चुन्याचे ठिपके. पोराने रंगवून आणलं. दुसऱ्या दिवशी मी गेलो होतो त्या दुकानात, गुपचूप. म्हटलं, जुनी तबकडी तरी द्या. तो म्हणाला, कचऱ्यात टाकली. मागच्या बोळात जाऊन कचरा उपसला हो मी, काठीने. लोक म्हणाले असतील, भिकारी झाला वाटतं म्हातारा.

ज्ञानेश : सापडली?

वेणीमाधव : कुठली सापडायला! घरी आलो ते ढसाढसा रडलो, बाथरूममध्ये, नळ सोडून. पोराला सांगू नका हं हे. त्याला माहीत नाही.

ज्ञानेश : काका... जरा हळू बोला.

वेणीमाधव : हळू कशाला? घरात कोणी नाहीये.

ज्ञानेश : मग असलं घड्याळ अजून जपता कशाला?

वेणीमाधव : माझ्या मनगटावर बांधताना पोराचं तोंड बघायला हवं होतं तुम्ही. पाण्यातलं घड्याळ गेलं, ते गेलंच. हे त्याच्या पहिल्या पगाराचं. उद्या पाटावर ठेवतो ते हेच. पाण्याचं आता काय पूजायचंय?

मयुरेश : (आतल्या दारातून) बाबा.

ज्ञानेश : काका, मागं बघा. मागं.

वेणीमाधव : अरे! तू इथेच? कधीपासून उभा आहेस?

मयुरेश : सगळं ऐकलं.

वेणीमाधव : काय म्हणालास?

मयुरेश : सगळं ऐकलं म्हटलं! दहा वर्षं एका शब्दाने बोलला नाहीत!

वेणीमाधव : अरे, हा काहीतरी विचारत होता, मी आपलं बोलत बसलो. तुला काय वाटून घ्यायचंय त्यात? चांगलं दिसतं की. एवढा घोडा झालास आणि रडतोस काय, पाहुणा बसलाय समोर.

ज्ञानेश : मी निघतो मयुरेशभाऊ. घड्याळ इथं ठेवलंय. आकडा काय विचारू नका आता.

मयुरेश : नाही विचारत. या तुम्ही, ज्ञानेशभाऊ. बाबा, चप्पल घाला. कानाच्या डॉक्टरकडे जायचंय. आत्ता.

वेणीमाधव : झालं तुझं सुरू? सांगितलं ना, तुझा पैसा नको.

मयुरेश : मग हे घड्याळ उद्या पूजेला ठेवू नका. हेही माझ्याच पैशाचं आहे.

वेणीमाधव : ते वेगळं.

मयुरेश : काय वेगळं? हे मी वाटोळं करून आणलं ते चालतं, आणि नातीचं बोलणं ऐकू यावं म्हणून काही आणतो म्हटलं तर चालत नाही? सांगा ना, काय वेगळं?

(वेणीमाधव घड्याळ उचलून मनगटावर बांधू लागतात.)

मयुरेश : बाबा, ऐकू आलं का?

वेणीमाधव : अर्धं आलं. उजव्या कानाचं आधी करायला सांग त्या डॉक्टरला. तू नेहमी उजवीकडूनच बोलतोस.