गुण कशाचा

—म्हणजे डॉक्टर शाओंनी तुम्हाला एवढंच विचारायला पाठवलं, विहीणबाई? तुमची सूपिंग तिथं बेशुद्ध पडलीय, माझा देहाई तिच्या उशाशी बसलाय, आणि तुम्ही इस्पितळातून इथवर बस बदलत आलात— तिच्या गोळ्या मध्यंतरी बंद झाल्या होत्या का? बसा. ती खुर्ची नको, ती गिऱ्हाइकांची. त्या पोत्यावर टेका, औषधी मुळ्या आहेत, चुरगळत नाहीत. चहा कागदी कपात देतेय, मनाला लावून घेऊ नका. सूपिंगची वाटी आणि जेवायच्या काड्याही आम्ही वेगळ्याच ठेवतो. जेवणातून लागत नाही म्हणतात डॉक्टर. म्हणोत. डॉक्टर काही आमच्या पंगतीला बसत नाहीत.

तर गोळ्या. नाही, बंद-बिंद काही नाही. कारखान्यातून दमून यायची, विसरायची, म्हणून मीच काढून हातावर ठेवायचे, माझ्यासमोर गिळायची. सासू एवढं करते कुठं? आणि दुखणं तरी आमच्या घरचं होतं का— यकृतातला विषाणू, तुमच्या पोटातून घेऊन आली ती. लग्नाआधी बोललात? रडू नका, मी दोष देत नाही, झालं ते सांगतेय. तर शाओ दोन्ही द्यायचे. गोळी विषाणूला दाबून ठेवायला, काढा भुकेला, झोपेला, अंगातल्या ताकदीला. वनस्पती त्यांनी लिहून दिलेल्या, पण माल या दुकानातला आणि उकळायचे मी. आणि मलाच तोंडावर म्हणाले, "आजी, काढा एखादे दिवशी चुकला तर चालेल, गोळी चुकता कामा नये." माझ्या सासऱ्यांनी या दुकानात बसून अर्ध्या बोझोऊ शहराची कावीळ उतरवली, आणि मला सांगतात, काढा चुकला तर चालेल.

गुण आला हो तिला. गाल भरले, रक्ताचे रिपोर्ट सुधारले. मी तिला इथं उभी करायचे, गिऱ्हाइकांना दाखवायचे— बघा, आमचा काढा. तर ती क्वो म्हातारी, समोर सुके खजूर विकते ती, भर दुकानात म्हणाली, "गोळीही घेते ना पोरगी? मग गुण गोळीचाच." सगळे हसले. तुमची लेकही हसली. तिनं हसायला नको होतं.

मग मी ठरवलं— ठरवलं म्हणजे काय, वाटलं, एकदाचं कळू तर दे गुण कशाचा. कॅल्शियमची गोळीही पांढरीच असते. त्यानं कुणाचं वाईट झालंय, उलट हाडं—

काय? असं कुठं म्हटलं मी? दिसायला सारखी असते, एवढंच म्हटलं. तुम्ही खेड्यातली माणसं, शब्दाला धरून बसता.

आणि वसंत सरेपर्यंत छान होती ती. मी क्वो म्हातारीला बोलावून सांगणारच होते, तेवढ्यात हिचे डोळे पिवळे. मी काढा दाट केला. ओकायची, मी पुन्हा द्यायचे. "आई, इस्पितळात जाऊ या," म्हणायची— आणि तिथं जाऊन काय सांगायचं? शाओंसमोर काय तोंड दाखवायचं? म्हटलं, आधी हे पी. प्यायची बिचारी. तेवढं मात्र वळण लावलं होतंत तुम्ही, सासूचा शब्द मोडत नव्हती. पाय सुजले, मग असंबद्ध बोलायला लागली, देहाईला ओळखेना, तेव्हा त्यानंच उचलून नेली. त्याला यातलं काही माहीत नाही आणि कळायचं कारणही नाही. तरणा आहे, उद्या त्याचं दुसरं बघावं लागेल—

उठलात? चहा तसाच आहे. शाओंना सांगणार? सांगा की. त्यांच्या इस्पितळाला मुळ्या पुरवणाऱ्या दुकानाचं ऐकतील, का पोरीला पोटातूनच रोग देणाऱ्या बाईचं? आणि सांगून ती उठून बसणार आहे का? हात सोडा माझा. सोडा म्हणते ना.

मागच्या दारानं जा. डोळे पुसा आधी, गल्लीत माणसं आहेत.

—या, या. कुणाला बरं नाहीये घरात?