इंजिनाचा चातुर्मास

तुमच्या सासऱ्यांचं राहू दे, आमच्या मामंजींचं ऐका. लग्नानंतरचा पहिला आषाढ, म्हणून रिवाजाप्रमाणे मी माहेरी गेले. श्रावणात सासरी बेलवलीला परतले, तर आमच्या खोलीत शेतावरचं पाणी ओढायचं इंजिन. वर माझ्या आईने शिवलेली गोधडी. आणि हे ओटीवर झोपायला.

"ओलीने गंजतं ते," मामंजी म्हणाले. "दिवाळीनंतर हलवू."

"तू माजघरात माझ्याजवळ नीज," सासूबाई म्हणाल्या. "तुला काही गंज चढत नाही."

तोवर त्या घरात मी कधी उलटून बोलले नव्हते. ट्रंक पुन्हा उचलली.

"मामंजी, मग मलाही दिवाळीनंतरच आणायला या."

ओटीवरून यांचा आवाज आला, "आबा, इंजिनाचं एक टोक मी धरतो."