सर 'छान' म्हणाले तेव्हा

...आणि वर म्हणतात काय, तर 'छान झालंय'! छान! अहो, तुम्हाला सांगतो, माझ्या गाइडच्या तोंडून हा शब्द मी कधी ऐकलाच नव्हता, त्यांच्या तोंडात तो आहे हेसुद्धा मला माहीत नव्हतं, आणि मी चॅप्टर हातात घेऊन उभा, आणि हा माणूस माझ्याकडं बघून हसतो काय, खुर्चीवरच्या फायली स्वतःच्या हातानं उचलून 'बसा ना' म्हणतो काय, टेबलाच्या खणातून बिस्किटांचा पुडा काढून 'घ्या' म्हणतो काय... मी घेतलं नाही. मी संशयी माणूस नाही, पण बिस्किटाला हात लावायच्या आधी त्यांनी स्वतः एक खाल्लंय का, एवढं बघितलं.

आता तुम्ही म्हणाल, गाइडनं कौतुक केलं, यात रडण्यासारखं काय आहे? आहे! कारण तुम्हाला आमचे सर माहीत नाहीत. मी नोकरी करतो एका मोठ्या इस्पितळाच्या ऑफिसात, आणि नोकरी सांभाळून पीएचडी करतोय. व्यवस्थापनशास्त्र आणि संख्यात्मक पद्धती. नाव ऐकून घाबरू नका, माझी सासूही घाबरली होती. विषय साधा आहे : केसपेपरच्या खिडकीपुढं रांग का लागते आणि ती कमी कशी करायची. एवढंच. सासू म्हणाली, "खिडक्या वाढवा की!" झालं, संपली पीएचडी! पण तसं नसतं ना. त्याला मॉडेल लागतं, समीकरणं लागतात, आणि त्या प्रत्येक समीकरणाच्या शेजारी आमचे सर लाल पेनानं दोनच शब्द लिहितात : 'हे कशावरून?' माणसं सकाळी जास्त येतात – हे कशावरून? खिडकीवर एका वेळी एकच माणूस उभा राहतो – हे कशावरून? एकदा मी आभाराच्या पानावर लिहिलं होतं, 'सरांचं मोलाचं मार्गदर्शन लाभलं', तर तिथंही, तुम्हाला सांगतो, लाल पेनानं... जाऊ दे.

तर असा माणूस. आणि तो म्हणतो 'छान झालंय'. आणि चॅप्टर परत दिला तर त्यावर लाल टिंबसुद्धा नाही! मी जिन्यात उभं राहून उलटसुलट करून बघितला, उजेडात धरून बघितला. कोरा! मी संशयी माणूस नाही, पण हे बघून कुणालाही शंका येईल की नाही?

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाजी चिरत होती. म्हटलं, "सर छान म्हणाले." तर मान वर न करता म्हणते, "बघा! मी म्हणतच होते." आता ही कधी म्हणत होती? ही तर गेली काही वर्षं माझ्या थिसिसबद्दल फक्त 'त्या गठ्ठ्यावरून पाय काढा, पुसायचंय' एवढंच म्हणत होती! मी विचारलं, "छान म्हणाले, ते कशावरून म्हणाले असतील?" तर तिनं सुरी खाली ठेवली. सावकाश. आणि म्हणाली, "अहो, चांगलं आहे म्हणून म्हणाले असतील." आणि लगेच विषय बदलून गॅसच्या शेगडीवर नेला.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या विभागातल्या दुसऱ्या संशोधकाला गाठलं. त्याला आम्ही 'सरळरेषा' म्हणतो, कारण कसलीही माहिती द्या, हा त्यातून एक सरळ रेषा काढून दाखवतो. त्याला सगळं सांगितलं. तो हळूच दार लावून म्हणाला, "हे बघ, दोनच शक्यता. एक, सर तुझं मॉडेल स्वतःच्या नावावर छापणार. दोन, सर नोकरी सोडून चाललेत आणि तुला कुणाच्या तरी गळ्यात बांधणार. दोन्हीच्या आधी गोड बोलतात." म्हटलं, "तुला कसं माहीत?" म्हणाला, "मला कधीच गोड बोलले नाहीत, म्हणजे माझं चोरण्यासारखं काही नाही. काढ रेषा!"

आता मला सांगा, अशा वेळी माणसानं काय करायचं? भांडायचं? नाही! आपण शास्त्राची माणसं. आमच्यात काय असतं, सुरुवातीला मानून चालायचं की काहीही घडलेलं नाही, सगळे सज्जन आहेत, आणि मग पुरावा इतका जमवायचा की ते मानणं अशक्य व्हावं. तर मी मानलं : सर सज्जन आहेत. आणि पुरावा जमवायला तिसऱ्या दिवशी त्यांच्या केबिनसमोरच्या बाकावर पेपर तोंडापुढं धरून बसलो. शिपाई दोनदा विचारून गेला, "साहेब, बरं वाटत नाही का? पेपर उलटा आहे." म्हटलं, "आडवी शब्दकोडी अशीच सोडवतात."

आणि मग ऐकू आलं. दार जरासं उघडं होतं. सर फोनवर, आवाज खाली घेऊन... "नाही नाही, त्यांना काहीच कळलेलं नाही. हो, परवा म्हटलं की छान झालंय. उद्याही म्हणतो. बिस्किटं घेतली नाहीत हो त्यांनी, काय करू, भरवू?"

भरवू?! मी संशयी माणूस नाही, पण आता माझ्या जागी कुणी संतमहात्मा असता तरी दार ढकललं असतं. मी ढकललं. सर दचकले, फोन टेबलावर पालथा टाकला, आणि चेहऱ्यावर ते हसू आणलं. "या या! छान झालंय हं चॅप्टर!" मी म्हटलं, "फोन कुणाचा होता, सर?" म्हणाले, "घरून." आणि तेवढ्यात तो फोन पुन्हा वाजला, थरथरत टेबलाच्या कडेला आला, पडू नये म्हणून मी धरला, सुलटा झाला, आणि पडद्यावर नाव होतं... 'संशयी यांच्या मिसेस'.

आता विभागात संशयी कोण, असा विचार मी एक क्षण केला. खरंच केला! सरळरेषेचं तर लग्नही झालेलं नाही. मग खालचा नंबर वाचला. तो माझ्या घरचा!

तुम्हाला सांगतो, माणसाच्या डोक्यात अशा वेळी काय काय येतं, ते मी इथं सांगणार नाही, घरंदाज मंडळी बसलीत. पण सरांनी माझा चेहरा वाचला आणि एकदम गडबडून उठले, "अहो, नाही नाही, खाली बसा! त्या मला भेटायला आल्या होत्या. तुमच्यासाठी!" आणि मग सगळं बाहेर पडलं. बायको एक दिवस रजा टाकून सरांकडं गेली होती. म्हणाली होती, 'सर, आमच्या घरात आता कुणी सरळ बोलत नाही. पोरगी म्हणाली, बाबा, मी निघते, तर हे म्हणतात, कशावरून? वरण खारट झालंय म्हटलं, तर कशावरून? परवा थिसिस फडताळात ठेवून दिला आणि म्हणाले, आता बास, सोडतो. सर, हा माणूस पीएचडी सोडेल, आणि मग आयुष्यभर आम्हाला सोडणार नाही. तुम्ही फक्त एकदा चांगलं म्हणा.'

मग मी विचारलं, कारण विचारायलाच हवं होतं, "सर, पण चॅप्टर खरंच छान आहे का?"

सरांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला. "वाचलाय मी," म्हणाले. "म्हणूनच त्यांना फोन केला. म्हटलं, आता खरं सांगू का, की अजून थोडे दिवस थांबू?"

"सांगा, सर."

"तुम्ही मानलंय की रांगेत उभा राहिलेला माणूस नंबर लागेपर्यंत उभाच राहतो. मधेच कुणी निघून जात नाही."

"नाहीच जात, सर!"

"हे कशावरून?"

आणि काय सांगू तुम्हाला... बरं वाटलं! इतकं बरं वाटलं! म्हणजे माझ्या पायाखालची सगळी गणितं सरकली होती, आणि तरी असं वाटलं, की हे माझे सर. मी त्यांच्यासमोरचं बिस्किट उचललं आणि खाल्लं.

मग मी इस्पितळात केसपेपरच्या खिडकीपुढं जाऊन उभा राहिलो. इतकी वर्षं मी रांगेचा अभ्यास वरच्या मजल्यावर कॉम्प्युटरवर केला होता हो, रांग होती खाली! आणि बघतो तर काय, माणसं जात होती! पोटाला हात लावून आलेली, पोर खांद्यावर टाकून आलेली, उभं राहून राहून निमूट वळत होती आणि फाटकाबाहेर जात होती. दुखणं तसंच घेऊन! आणि माझ्या मॉडेलमध्ये ती सगळी अजून उभी होती. खूप वाईट वाटलं. कुणाला हाका मारणार?

पण एक गंमत दिसली. दोन खिडक्या, रांगा जवळपास सारख्या, वेगही सारखाच रडतखडत. पण पहिल्या रांगेतली माणसं गळत होती आणि दुसरीतली टिकत होती. का? मला लगेच वाटलं, दुसऱ्या खिडकीवरची बाई वशिल्यानं नंबर लावत असणार. अर्धा दिवस तिच्यावर डोळा ठेवला. तसलं काही नाही. ती बाई फक्त अधूनमधून मान वर करायची आणि बसक्या आवाजात म्हणायची, "होतंय हां. थांबा. होतंय." बस्स! लवकर काही होत नव्हतं. पण माणसं पाय बदलून पुन्हा उभी राहायची.

तिथंच माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. चॅप्टरचाही आणि दुसराही.

संध्याकाळी घरी गेलो. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हटलं, "तू सरांना फोन करत होतीस."

"करत होते."

"माझ्याशी खोटं बोलायला लावलंस त्यांना."

"लावलं." एक घडी झाली. "मग काय करू? कुणीतरी तुम्हाला थांबवायला नको?"

मी तिच्यासमोर बसलो. एक टॉवेल घेतला, चुकीचा दुमडला, तिनं काढून घेतला. म्हटलं, "आणि तुला? इतकी वर्षं तू उभी आहेस. तुला कुणी म्हटलं का, थांब, होतंय?"

तिनं तो टॉवेल नीट दुमडला. मग म्हणाली, "नाही. कुणी नाही म्हटलं."

म्हटलं, "मी म्हणतो. होतंय. थोडंसंच राहिलंय."

तिनं माझ्याकडं पाहिलं. म्हणाली, "हे कशावरून?"

आणि आम्ही दोघं इतके हसलो, इतके हसलो, की पोरगी आतून धावत आली आणि संशयानं आमच्याकडं बघत उभी राहिली.

चॅप्टर पुन्हा लिहिला. पहिल्यापासून. सरांनी तो लाल करून परत दिला, पुन्हा लिहिला, पुन्हा लाल. शेवटी तोंडी परीक्षा झाली. बाहेरचे परीक्षक हसतमुखानं म्हणाले, "अभिनंदन, डॉक्टर," आणि हात पुढं केला. मी संशयी माणूस नाही, पण सरांकडं बघितलं. सरांनी डोळ्यांनी सांगितलं, खरंय, घ्या हात.

झालं! सुटलो! म्हटलं, आता घरात शांतता. तर गेल्या आठवड्यात बायको म्हणते, "अहो, मीपण पीएचडीला नाव घातलंय. मानसशास्त्रात." लग्नाआधी एम.ए. झालेली आहे ती, शिकू दे की, मला आनंदच आहे. मी कौतुकानं विचारलं, "विषय काय गं?"

म्हणाली, "तो तुम्हाला सांगता यायचा नाही. ज्याच्यावर अभ्यास चाललाय त्याला विषय सांगितला, की तो मुद्दाम नीट वागायला लागतो."

आता तुम्हीच सांगा, विषय माहीत नाही, पण मी मुकाट्यानं नीट वागतोय, आणि ती रोज माझ्याकडं बघून मान हलवते आणि म्हणते, "माहिती बिघडवू नका हो माझी!"