मागच्या बाजूची खोली

लॉजच्या काउंटरवर माझ्यापुढे म्हातारी, तिचा मुलगा आणि नात उभी होती.

मॅनेजर म्हणाला, “आजी, पुढची खोली घ्या, राजवाडा दिसतो. मागं नुसता डागडुजी केलेला मनोरा.”

“तोच बघायचाय. माझा नवरा गवंडी होता तिथं. तिथूनच पडला.”

“आई, कशाला सांगतेस?”

“का? लाज वाटते? पाटीवर राजाचं नाव, साहेबाचं नाव. मेला त्याचं कुठंय?”

“आजोबांचं नावच नाही?”

“आहे गं. खालून तिसऱ्या थरात, दगडाच्या आतल्या अंगाला कोरलंय. मुकादमाला दिसू नये म्हणून.”

“मग आपण तो दगड काढून बघू.”

“काढला तर मनोरा खाली येईल, बाळा. द्या हो मागची किल्ली.”