प्रोग्रॅममधले सात दिवस

सरकारी कामाच्या उशिराचं म्हणाल, तर तो एकदा मी स्वतःच्या हातांनी लिहिलाय. तेव्हा आमच्या कंपनीकडे पुण्यातल्या एका सरकारी कार्यालयातले दाखले कॉम्प्युटरवर आणायचं कंत्राट होतं. पहिल्या दिवशी मी बटण दाबलं आणि रहिवासी दाखला मिनिटभरात प्रिंटरमधून बाहेर आला. हेडक्लार्क जोशीबाईंनी तो दोन्ही बाजूंनी पाहिला.

"चूक आहे."

"नाव चुकलंय का?"

"नाव बरोबर आहे. बाहेर फलकावर 'दाखला सात दिवसांनी मिळेल' असं लिहिलंय. हा आजच आला."

फलक बदलायला वरून मंजुरी लागणार होती, प्रोग्रॅम बदलायला फक्त मी. दाखला सात दिवस अडवणाऱ्या चार ओळी मी टाकल्या. बाईंनी 'काम समाधानकारक' लिहून सही दिली.

पुढच्या वर्षी मुलीच्या अ‍ॅडमिशनसाठी मलाच दाखला हवा होता, आणि मुदत परवाची. विश्रांतवाडीहून दोन बस बदलून गेलो. खिडकीत जोशीबाईच.

"सात दिवसांनी या."

"बाई, ते सात दिवस मीच टाकलेत."

बाईंनी मान वर करून मला ओळखलं.

"मग तुम्हाला वेगळं सांगायला नको."