फिक्सेशन झालं म्हंजी काय?

कराडच्या एस.टी. स्टँडवर, पुण्याच्या गाडीच्या रांगेत माझ्यापुढे मलकापूरचं एक म्हातारं जोडपं होतं. लढाईत जखमी झालेल्या लेकाचं लष्करी इस्पितळातून आलेलं पत्र म्हाताऱ्यानं पुढच्या माणसासमोर धरलं.

"सायेब, फिक्सेशन म्हंजी काय वो? मागल्या पत्रात जोतीरामचा पाय कापावा लागंल आसं हुतं. आता लिवलंय, फिक्सेशन झालं."

"आवं, कापलाच आसंल. सरळ लिवायचा धीर झाला नसंल पोराला."

"तू गप गं जरा!"

"माझा फोटोचा स्टुडिओ आहे, बाबा. आम्ही फोटो फिक्स करतो, म्हणजे तो पुसट होत नाही."

"फोटूचं न्हाई वो, पायाचं इचारतोय!"

"द्या बघू इकडं, मी नर्स आहे. बाबा, पाय कापला नाही! मोडलेलं हाड धातूची पट्टी अन् स्क्रू लावून जोडलंय."

"म्हंजी पाय हाय?"

"आहे की! महिना-दोन महिन्यांत चालायला लागेल."

"ऐकलंस का गं? पाय हाय! आपल्या जोत्याचा पाय हाय!"

"आवं, पर त्याच्या नव्या चपला म्या घरीच ठिवल्या. बघून रडंल म्हून."

"मग चल मागारी! मलकापूर काय लांब हाय? फुडची गाडी धरू!"