वाटीतलं तीर्थ

हॅलो? प्राची?… हाव, मीच, उंद्रीहून आत्या… माहीत आहे मले, श्रावणी सोमवार आहे. दिवा लागेपर्यंत बोलत नाही मी. मोडलं मौन… नाही, नाही, घरी आम्ही दोघं बरे आहोत. कापशीसाठी केला फोन, आमच्या मांजरीच्या पिल्लासाठी. तू जनावरांच्या दवाखान्यात आहेस, अजून कोणाले विचारू?…

अवं ऐक ना. कालपासून ओकून राह्यली ती. आधी दूध पडलं, आता नुसता पिवळा फेस. सकाळपासून चारदा पातळ झालं… रक्त नाही. लाळ गळते. हाक मारली तर कान हलवते, उठत नाही… चार महिन्यांची आहे फक्त.

दूध?… रोजचंच, गाईचं, पाणी घालून… जंताचं औषध नाही दिलं कधी. पोट गोल दिसे, मले वाटलं बाळसं धरलं… दोरा? नाही, वातींचा कापूस डब्यात असतो… उंदराचं औषध आमच्या घरात येत नाही, बाई. श्रावणात मी मुंगीवरही पाय पडू देत नाही… फवारणी केली ना, शेजारच्या जानरावांनी, परवा सोयाबीनवर. हे तेच म्हणत होते, की तिकडचा मेलेला किडा खाल्ला असेल. पण ती आंगणाबाहेर जातच नाही. अन् मी पाहिलं, ओकण्यात काही नाही. फक्त एक पाकळी…

फुलाची. पिवळी… देवाचीच, कण्हेरीची… हाव, कण्हेर. रोज एकशे आठ वाहायचा नेम आहे श्रावणभर. आधी बेल वाहत होती. शनिवारी दारातली कण्हेर बहरली, म्हणून…

सांग ना. काऊन विचारतेस?…

नाही, फुलं नाही खात ती. पण पाणी… अभिषेकाचं पाणी फुलांसकट ताम्हनात राहते दिवसभर. पायदळी जाऊ नये म्हणून थोडं तुळशीत ओतते, थोडं तिच्या वाटीत… आम्ही नाही पीत ते. आमचं तीर्थ फुलं वाहायच्या आधीच वेगळं काढते… हाव, शनिवारपासून. तिलेही पुण्य लागावं म्हणून…

विष?… महादेवाले चालते ते फूल, प्राची. विष कसं… हो. हो, ऐकून राह्यली…

आज?… आज तर मी… तिले बरं वाटावं म्हणून तेच पाणी चमच्यानं पाजलं. दोनदा. माझ्या हातानं तोंड उघडून…

थांब, फोन धर… अहो! ठेवा तो चमचा! नका पाजू तिले!… तुळशीत नको, मोरीत ओता ते!

…हाव, आहे मी. तिसरा चमचा तिच्या ओठाले लावला होता यांनी. मीच सांगितलं होतं, मघा मौन होतं तर खुणेनं.

मिठाचं पाणी देऊ, ओकायले?… बरं, नाही. दूधही नाही. काहीच नाही… छातीवर बोट? थांब… डाव्या बगलेखाली… हाव, लागते. मोजते. एक… दोन… तीन…

…चार. प्राची, मधात थांबते वं. जपमाळेत मणीच नसावा तसं… लागलं परत. पाच…

हाव, निघतो. हे गाडी काढून राह्यले. चिखलीले अर्धा तास लागेल, तू डॉक्टरले थांबवून ठेव. टोपलीत घेते तिले, मांडीवर… फूल आणू? दाखवायले?… झाडावर एकही नाही उरलं, सगळी वाहिली. पिंडीवरचीच आहेत. पण ती दिवा लागेपर्यंत उतरवत नाही मी…

उतरवली. पिशवीत घेतली.

प्राची, वाचेल ना ती?… नाही, माझ्या समाधानासाठी नको सांगू… बरं. बरं, बाई. बोट तिथंच ठेवते मी, मोजत येते. सहा… सात… तू ठेव आता. बोलताना चुकते मोजणं.